आयुष्य पुन्हा जगण्याच्या कालप्रवास कथा

आयुष्य पुन्हा जगण्याच्या कालप्रवास कथा हा विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या सीमेवरील एक कथाप्रकार आहे. या कथांतील पात्र यंत्रात बसून एखाद्या परक्या शतकात जात नाही. ते स्वतःच्याच भूतकाळात, बहुधा स्वतःच्याच तरुण शरीरात परत जाते आणि पुढे काय घडणार आहे याची आठवण सोबत नेते. केन ग्रिमवुड या अमेरिकन लेखकाची 'रीप्ले' (१९८६) ही या प्रकारातील प्रातिनिधिक कादंबरी मानली जाते. घडून गेलेले पुन्हा घडवून पाहण्याच्या याच ओढीचे मराठीतील सुपरिचित उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा होय. मात्र तीत एका व्यक्तीच्या आयुष्याऐवजी एका समाजाचा इतिहास बदललेला दिसतो.

स्वरूप

एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीने कालप्रवासाला यंत्राची जोड दिली. तेथील प्रवासी दूरच्या भविष्यात जातो आणि तेथे तो पाहुणाच असतो. आयुष्य पुन्हा जगण्याच्या कथांत मात्र प्रवास बाहेरून आत असतो. घर, शाळा, आईवडील, मित्र सारे ओळखीचे असते. बदललेली असते ती केवळ पाहणाऱ्याची नजर.

या कथांचे ढोबळमानाने पुढील प्रकार आढळतात.

स्मृतीसह पुनरावृत्ती: पात्र मृत्यूनंतर किंवा एखाद्या अनाकलनीय घटनेनंतर तरुणपणी जागे होते. पूर्वीचे आयुष्य त्याला संपूर्ण आठवते.

अपुऱ्या स्मृतीसह पुनरावृत्ती: पात्र पुन्हा पुन्हा जन्मते, पण मागचे आयुष्य त्याला केवळ चाहुलीसारखे किंवा अनामिक भीतीसारखे जाणवते.

पर्यायी जग: एखादा निर्णय किंवा एखादी घटना वेगळी घडली असती तर आयुष्य कसे झाले असते, ते पात्राला दिसते. काळ मागे जात नाही, वाट बदलते.

केवळ भेट: भूतकाळात जाता येते, पण वर्तमान बदलता येत नाही. तोशिकाझु कावागुची या जपानी लेखकाच्या 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' या नावाने इंग्रजीत आलेल्या कादंबरीत असाच नियम आहे. कॉफी थंड होण्यापूर्वी परतावे लागते आणि भूतकाळात काहीही केले तरी वर्तमान तसेच राहते.

पुनर्जन्माशी असलेले नाते

हा कथाप्रकार वरवर पाहता पुनर्जन्माच्या भारतीय कल्पनेसारखा वाटतो, परंतु दोहोंची रचना नेमकी उलट आहे. पुनर्जन्मात कर्माचा हिशेब पुढे चालू राहतो आणि आठवण पुसली जाते. आयुष्य पुन्हा जगण्याच्या कथेत आठवण राहते आणि हिशेब पुसला जातो. पुनर्जन्मात देह, कुळ आणि काळ नवे असतात. येथे तोच देह, तेच कुळ आणि तोच काळ पुन्हा मिळतो. त्यामुळे पुनर्जन्माच्या कथेचा प्रश्न 'मी कोण होतो?' असा असतो, तर या कथांचा प्रश्न 'मी काय केले असते?' असा असतो.

पुन्हा जन्म घेण्याकडे पाहण्याची दृष्टीही वेगळी आहे. भारतीय तत्त्वज्ञानाच्या बहुतेक प्रवाहांत पुन्हा जन्मणे हे बंधन आहे आणि त्यातून सुटका हे ध्येय. वारकरी संतांनी मात्र मोक्षापेक्षा भक्तीसाठी पुन्हा जन्म घेणे पसंत असल्याचे म्हटले आहे. तुकारामांच्या अभंगांत ही भूमिका स्पष्टपणे येते. तरीही तेथे मागितलेला जन्म हा जुन्या चुका दुरुस्त करण्यासाठी नाही, हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका

काळाच्या विषम गतीच्या आणि क्षणात जगलेल्या पर्यायी आयुष्याच्या कथा भारतीय वाङ्मयात प्राचीन काळापासून आढळतात. भागवत पुराणातील राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी जातो. तेथे थोडा वेळ थांबून तो परततो, तेव्हा पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटलेली असतात आणि त्याने मनात योजलेले वर नामशेष झालेले असतात.

योगवासिष्ठातील गाधी ब्राह्मणाची कथा आधुनिक कथाप्रकाराला अधिक जवळची आहे. गाधी स्नानासाठी पाण्यात बुडी मारतो आणि त्या क्षणात स्वतःचा मृत्यू, वेगळ्या कुळातील जन्म, संसार, राज्यप्राप्ती आणि अधःपतन असे एक अख्खे आयुष्य अनुभवतो. पाण्याबाहेर येतो तेव्हा काही क्षणच गेलेले असतात. पुढे त्या आयुष्याच्या खुणा त्याला प्रत्यक्ष जगातही सापडतात. जगलेले आयुष्य खरे की पाहिलेले, हा प्रश्न तेथे अनुत्तरित ठेवून कथा मायेच्या स्वरूपाकडे वळते.

महाभारतातील ययातीची कथा पुन्हा तरुण होण्याच्या इच्छेची कथा आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला ययाती आपला पुत्र पुरू याचे तारुण्य मागून घेतो आणि दीर्घ काळ उपभोग घेतल्यानंतर, उपभोगाने वासना शमत नाही हे ओळखून ते परत करतो. वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीने ही कथा आधुनिक मराठी वाचकापर्यंत नव्या रूपात नेली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. ययातीच्या कथेत काळ मागे जात नाही. तरीही दुसरी संधी कोणाच्या तरी पदरातून काढूनच मिळते, हे सूत्र पुढील काळातील कालप्रवास कथांतही वारंवार दिसते.

जागतिक साहित्यातील वाटचाल

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांनी १८८२ मध्ये शाश्वत पुनरावर्तनाची कल्पना मांडली. हेच आयुष्य, असेच्या असे, अनंत वेळा जगावे लागेल असे कोणी सांगितले तर माणूस ते आनंदाने स्वीकारील काय, असा तो प्रश्न होता. रशियन लेखक प्योत्र उस्पेन्स्की यांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत इव्हान ओसोकिन हा तरुण एका जादूगाराच्या साहाय्याने शाळकरी वयात परत जातो. पुढचे सारे ठाऊक असूनही तो त्याच चुका त्याच क्रमाने करतो. जाणणे आणि बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या कादंबरीचा निष्कर्ष आहे.

'रीप्ले' या कादंबरीचा नायक जेफ विन्स्टन हा त्रेचाळीस वर्षांचा पत्रकार १९८८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावतो आणि १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणून जागा होतो. ठाऊक असलेल्या निकालांवर पैजा लावून तो श्रीमंत होतो. अध्यक्ष केनेडी यांची हत्या टाळण्यासाठी तो ऑस्वल्डला अटक होईल अशी व्यवस्था करतो, तरी दुसऱ्याच माणसाच्या हातून ती हत्या होते. ठरलेल्या क्षणी जेफ पुन्हा मरतो आणि पुन्हा तरुण होतो. प्रत्येक वेळी परतीचा क्षण थोडा पुढे सरकत जातो आणि मिळणारे आयुष्य आखूड होत जाते. या कादंबरीला १९८८ चा वर्ल्ड फॅन्टसी पुरस्कार मिळाला. ग्रिमवुड यांचे २००३ मध्ये हृदयविकारानेच निधन झाले.

केट ॲटकिन्सन यांच्या 'लाइफ आफ्टर लाइफ' (२०१३) या कादंबरीत १९१० मध्ये जन्मलेली उर्सुला टॉड पुन्हा पुन्हा मरते आणि पुन्हा जन्मते; मागील आयुष्यांची तिला केवळ पुसट जाणीव असते. क्लेअर नॉर्थ यांच्या 'द फर्स्ट फिफ्टीन लाइव्ह्ज ऑफ हॅरी ऑगस्ट' (२०१४) मध्ये असे पुनःपुन्हा जगणाऱ्यांचा एक गुप्त संघच असतो. जिरो तानिगुची यांच्या जपानी चित्रकादंबरीत अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ चौदाव्या वर्षात परततो. घर सोडून गेलेल्या वडिलांना थांबवता येईल का, हा त्याच्यापुढील प्रश्न असतो. चीन आणि कोरिया येथील आंतरजालीय कादंबऱ्यांत हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे.

मराठी साहित्यात

कात्रज, पुणे आणि पानिपत

मराठी भाषेत पानिपत हे केवळ रणभूमीचे नाव नाही. 'पानिपत होणे' म्हणजे पूर्ण धुव्वा उडणे, आणि 'विश्वास पानिपतात गेला' हा श्लेष आजही बोलण्यात येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या या युद्धात पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ मारले गेले. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांचे त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर निधन झाले.

पराभवापूर्वीच्या पुण्याच्या आत्मविश्वासाची एक ठळक खूण कात्रज येथे आहे. नानासाहेबांच्या कारकिर्दीत, १७४९ च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत आणण्याचे काम हाती घेण्यात आले. पाण्याबरोबर कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधण्यात आले. वाढत्या शहराची पुढील अनेक पिढ्यांची तहान गृहीत धरून केलेली ही योजना होती. ती आखणाऱ्या पेशव्याचे घर बारा वर्षांत उद्ध्वस्त झाले. नळाने मात्र त्यानंतरही दीर्घकाळ शहराला पाणी पुरवले. एकेकाळचे कात्रज गाव आता पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्ती झाले आहे आणि तलाव त्या वस्तीच्या मध्यभागी आहे.

घडलेले न घडल्यासारखे मानण्याची ओढ युद्धानंतरच्या पुण्यात प्रत्यक्ष दिसून आली. भाऊसाहेब जिवंत असल्याच्या वार्ता येत राहिल्या. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि त्याला अनुयायीही मिळाले. १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकर यांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक या प्रकरणावर आधारलेले आहे. विसाव्या शतकात विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने हा विषय पुन्हा घरोघरी नेला.

गंगाधरपंतांचे पानिपत

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची त्यानंतरची कथा. तिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरही वाचली गेली.

कथेचे नायक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. पानिपतावर मराठे विजयी झाले असते तर काय झाले असते, याचा विचार करत रस्त्याने जात असता त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका निराळ्या जगात पोहोचतात. या जगात विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेलेली आहे, मराठ्यांचा जय झाला आहे आणि मुंबईपुरती मर्यादित असलेली इंग्रजांची सत्ता भाडेपट्ट्यावर टिकून आहे. गंगाधरपंत मुंबईच्या ग्रंथालयात स्वतःच्याच नावावरील इतिहासग्रंथ वाचतात आणि घटनाक्रम नेमका कोठे वळला त्याचा शोध घेतात. एका सभेत रिकामी असलेली अध्यक्षांची खुर्ची पाहून ते भाषणाला उभे राहतात, श्रोत्यांच्या रोषाला बळी पडतात आणि आपल्या जगात परततात. खिशात राहिलेला बखरीच्या पानाचा तुकडा हा त्यांच्या अनुभवाचा एकमेव पुरावा ठरतो.

या कथेत नायकाचे वय बदलत नाही आणि काळही मागे जात नाही. तरीही आयुष्य पुन्हा जगण्याच्या कथांचे एक मध्यवर्ती सूत्र तीत आहे. विजयी इतिहासाच्या मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाच्या कार्यालयात त्याची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणीही तेथे काम करत नाही असे त्यांना सांगितले जाते. समाजाला हवा तसा इतिहास मिळाला; एका बापाला मात्र मुलगा सापडत नाही. कथा या प्रसंगावर रेंगाळत नाही, परंतु बदललेल्या भूतकाळाची किंमत तेथे स्पष्ट होते.

प्रत्यक्ष इतिहासात पानिपताची भरपाई मागे न जाताच झाली. नानासाहेबांचे धाकटे पुत्र माधवराव यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपद स्वीकारून राज्याची घडी पुन्हा बसवली. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) ही कादंबरी त्यांच्याच जीवनावर आहे. पानिपताच्या रणांगणातून पायाला जखम घेऊन वाचलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांसह दिल्लीत होते.

आकर्षणाची कारणे

ज्ञान आणि वय यांची चुकामूक: शहाणपण आणि संधी सहसा एकाच वयात मिळत नाहीत. अठराव्या वर्षी वाटा मोकळ्या असतात पण समज नसते. पन्नाशीला समज असते पण वाटा बंद झालेल्या असतात. या कथा दोहोंची गाठ घालून देतात. कथानायक बहुधा विद्यार्थिदशेतच का परततो, याचे उत्तर येथे मिळते. शाखा, नोकरी आणि जोडीदार यांची निवड त्याच सुमारास होते. मानसशास्त्रज्ञांच्या निरीक्षणानुसार उतारवयात सर्वाधिक आठवणीही साधारण दहा ते तीस या वयोगटातीलच असतात.

न केलेल्या गोष्टींची खंत: टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनानुसार, नजीकच्या काळात माणसाला केलेल्या चुका अधिक बोचतात, तर दीर्घ काळानंतर न केलेल्या गोष्टींची हळहळ अधिक वाटते. केलेल्या चुकीचे परिणाम दिसून संपतात. न केलेल्या गोष्टीचे परिणाम मात्र कल्पनेत वाढतच राहतात. कादंबरी या कल्पनेला प्रत्यक्षाचे रूप देते.

थोडक्यात हुकल्याची भावना: घटना जितकी निसटती, तितका 'जर' अधिक तीव्र होतो. १९९२ च्या ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांच्या अभ्यासात रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक समाधानी दिसले. कारण रौप्यविजेत्याला सुवर्ण हुकल्याचे दिसत असते, तर कांस्यविजेत्याला आपण पदकाविना राहिलो असतो हे दिसत असते. विश्वासरावांना लागलेली एक गोळी मराठी मनात घर करून राहिली, त्याचेही कारण याच जातीचे आहे.

आधीच ठाऊक असल्याचे सुख: घोड्यांच्या शर्यती, समभाग, जमिनी यांतील नफ्याची दिवास्वप्ने या कथांच्या पूर्वार्धात हमखास येतात. गाव शहरात मिसळताना पाहिलेल्या पिढीला, तेव्हा एक तुकडा घेऊन ठेवायला हवा होता, ही हळहळ नवी नाही. मात्र संपत्तीचे कथानक लवकर संपते आणि पुढे काय, हा प्रश्न उरतो.

गेलेल्या माणसांची भेट: या कथांतील सर्वांत हृद्य प्रसंग बहुधा पैजेचा किंवा युद्धाचा नसतो. स्वयंपाकघरात काम करणारी तरुण आई, अजून न मोडलेले घर, अजून न आलेले आजारपण हे पुन्हा पाहायला मिळणे, हेच अनेक वाचकांसाठी मुख्य आकर्षण ठरते. परतलेल्या पात्राला प्रत्येक साध्या दिवसाची किंमत आधीच ठाऊक असते. तो दिवस पहिल्यांदा जगताना ती कोणालाच ठाऊक नसते.

दुसऱ्या संधीची किंमत

या प्रकारातील गंभीर कादंबऱ्या केवळ इच्छापूर्तीवर थांबत नाहीत. 'रीप्ले'मधील जेफला एका आयुष्यात मुलगी होते. पुढच्या वेळी तो तरुण होतो, तेव्हा ती कधी जन्मलेलीच नसते आणि तिची आठवण असलेला जगात तो एकटाच उरतो. एक चूक दुरुस्त करताना त्या चुकीनंतर आयुष्यात आलेली माणसेही पुसली जातात. पूर्वायुष्यातील पश्चात्ताप आणि त्याच आयुष्यातील प्रेम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हा या कथांतील मुख्य पेच आहे.

दुसरा पेच एकटेपणाचा आहे. पुढचे सारे जाणणाऱ्या माणसाला बरोबरीचे कोणी उरत नाही. सोबतीची माणसे त्याच्यासाठी आधी वाचलेल्या पुस्तकासारखी होतात. म्हणूनच यांपैकी अनेक कथांत नायक आपल्यासारखाच दुसरा कोणी शोधू लागतो. 'रीप्ले'च्या अखेरीस जेफ ठरलेल्या क्षणाच्या पलीकडे जिवंत राहतो आणि पुढचे काहीही ठाऊक नसणे, हीच त्याला मोकळीक वाटते. ओसोकिन, ययाती आणि जेफ यांचे मार्ग भिन्न असले तरी तिघांच्या कथा वाचकाला अखेरीस त्याच्या चालू आयुष्याकडेच परत आणून सोडतात.

वैज्ञानिक बाजू

गणितज्ञ कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांची अशी उकल दाखवली की तीत भूतकाळाकडे जाणारे मार्ग तात्त्विकदृष्ट्या शक्य होतात. त्या उकलीतील विश्व प्रत्यक्ष विश्वासारखे नाही. भूतकाळ बदलल्यास प्रवाशाचे स्वतःचे अस्तित्वच धोक्यात येते, या विसंगतीला आजोबांचा विरोधाभास म्हणतात. ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या बहुविश्व अर्थनिर्णयानुसार प्रत्येक पुंज घटनेच्या सर्व शक्यता वेगवेगळ्या शाखांत प्रत्यक्षात येतात. विज्ञानकथाकारांनी विरोधाभास टाळण्यासाठी या कल्पनेचा मोठा उपयोग केला आहे. नारळीकरांच्या कथेतही गंगाधरपंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे पुंज सिद्धान्त आणि गणितातील कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त यांच्या आधारे त्यांच्या अनुभवाचा उलगडा करतात. केवळ स्मृती किंवा जाणीव जुन्या शरीरात परत पाठवण्याची कोणतीही यंत्रणा विज्ञानाला ज्ञात नाही. त्यामुळे आयुष्य पुन्हा जगण्याच्या बहुतेक कादंबऱ्या परतण्याचे कारण सांगण्याचे टाळतात.

हेही पहा

कालप्रवास
पर्यायी इतिहास
मराठी विज्ञानकथा
जयंत नारळीकर
पानिपतची तिसरी लढाई
कात्रज तलाव
ययाति (कादंबरी)